सूटबाबूंनी न घेतलेली सूट

सूटबाबूंनी जन्मात कधी सूट घातला नाही. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, पायात झिजलेल्या चपला. नवा माणूस नाव ऐकून नगरपालिकेत कोटवाला साहेब शोधत फिरायचा आणि हे त्याच्या समोरच बसलेले असायचे. आमच्या बुलढाण्यात त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं होतं. घरपट्टीच्या खिडकीवरचे बाबू, आणि कोणाला कोणत्या करात काय सूट मिळते ते सगळं तोंडपाठ, म्हणून सूटबाबू.

माझी त्यांची ओळख त्या खिडकीवरच झाली. आमचे मालक फौजेत होते. ते गेल्यावर मी शिवणाचं दुकान टाकलं आणि चार वर्षं नेमानं घरपट्टी भरली. पाचव्या वर्षी खिडकीत हे नवीन आले होते. त्यांनी कागद पाहिला आणि माझे पैसे परत सरकवले.

"काऊन हो, नोट फाटकी हाय का?"

"नोट चांगली हाय, वहिनी. फौजीच्या घरवालीले घरपट्टी माफ असते. अर्ज द्या."

"मंग चार वर्षं कोनी सांगतलं नाही ते?"

"तुम्ही कोनाले इचारलं?"

भरलेल्या पैशांचं विचारलं, तर म्हणाले, "ते गेले. सूट आधी मांगा लागते. मागाहून रडलं तं भेटत नाही." मला असा राग आला म्हणता. पण अर्ज त्यांनीच लिहून दिला, छापल्यासारख्या अक्षरात. तेव्हापासून माझी घरपट्टी सुटली.

रस्त्यानं चालताना त्यांची नजर लोकांच्या कुलपांवर असायची. एखाद्याला वाटावं, बाबूची नियत काही ठीक दिसत नाही. पण घर बंद राहणार असेल तर घरपट्टीत सूट मिळते, फक्त ते आधी कळवावं लागतं. म्हणून लेकाकडे पुण्याला निघालेल्या म्हाताऱ्यांना ते स्टँडवर गाठायचे. एकदा तर एसटी हलली आणि हे शाईचा डबा घेऊन खिडकीसोबत पळत होते, "अंगठा तं द्या, काकाजी, मंग जा कुठं जाचं तिथं."

त्यांचा एकुलता एक मुलगा, मुन्ना. बाबूंची बायको वारली, तेव्हापासून ऑफिसला जाताना ते त्याला माझ्या दुकानात सोडायचे. मिशा आलेला पंचविशीतला बाप्या, पण समज पाच वर्षांच्या लेकराची. त्याच्यापुढे बटणांचा डबा ठेवला की दिवसभर रंगारंगाच्या ढिगल्या लावत बसायचा. काहीही विचारा, उत्तर एकच, होकाराचं. मुन्ना, चहा घेतला? हाव. मुन्ना, लगन करतं का? हाव. शिवायला येणाऱ्या पोरी हसायच्या, मग तोही हसायचा.

बाबूंच्या नोकरीची शेवटची वर्षं होती तेव्हाची गोष्ट. एक शाळामास्तर पेढे घेऊन दुकानात आले. त्यांचा मुलगाही मुन्नासारखाच. अशा लेकराच्या आईबापाला व्यवसाय कर माफ असतो, तो बाबूंनी त्यांचा माफ करून दिला होता. मास्तर गेल्यावर मी म्हटलं, "बाबू, तुमच्या पगारातून तं अजून दोनशे कटतात ना दर महिन्याले?"

"फेब्रुवारीत तीनशे."

"मंग तुम्ही काऊन नाही घेत ही सूट?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्याले सर्टिफिकेट लागते, वहिनी. दवाखान्यात समोर बसवून टक्के काढतात. शाळेत काढले होते त्याचे एकदा. मास्तरनं साऱ्या वर्गापुढं वाचून दाखवले. घरी येऊन हा मले इचारे, बाबा, पास झालो का? मी घराचे टक्के काढतो. लेकराचे नाही काढत."

मी परत मशीनवर बसले. तेव्हा भांडायला पाहिजे होतं. दोनशे रुपये सोडले तर सोडले हो, पण त्याच सर्टिफिकेटवर बापामागे मुन्नाला जन्मभर पेन्शन मिळाली असती, आणि ही गोष्ट साऱ्या बुलढाण्यात सगळ्यात जास्त कोणाला ठाऊक होती, तर त्यांनाच.

रिटायर झाल्यावर त्यांची खिडकी माझ्या दुकानाच्या ओट्यावर आली. मोताळ्याच्या बाजारात चिवडा विकणारा एक पोरगा रडकुंडीला येऊन बसला होता, कोण्या एजंटानं त्याला जीएसटीची भीती घातलेली. बाबूंनी त्याची वही पाहिली. "काऊन बे, अजून मिसरूड फुटलं नाही अन् न्हाव्याले पैसे देऊन राह्यला? एवढ्याशा विक्रीवर नंबर घ्याचं कामच नाही." पोरानं खुशीत चिवड्याचा पुडा दिला, तर त्याचे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले. "याच्यात सूट नको."

असं सगळ्यांचं चाललं की मी मध्येच टोचायची, "अन् मुन्नाचा कागद?"

"लिहितो, वहिनी. दिवाळी होऊ द्या." आणि बटणांकडे बघत आवाज खाली, "हळू बोला. आयकते तो."

अशा किती दिवाळ्या झाल्या, मी मोजल्या नाहीत. गेल्या श्रावणात एका सकाळी चहा घेता घेताच बाबू गेले.

त्यांची पेटी मी उघडली. गावाच्या अर्जांच्या नकला, गठ्ठेच्या गठ्ठे. सगळ्यात खाली मुन्नाचा अर्ज होता, पिवळा पडलेला. छापल्यासारख्या अक्षरात एकेक रकाना भरलेला, टक्क्यांचा तेवढा कोरा. खाली सही नाही, तारीख नाही. म्हणजे माणूस कधीतरी बसला होता लिहायला. तिथपर्यंत आला आणि उठला.

मग मीच मुन्नाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई भल्या होत्या. चित्र दाखवून म्हणाल्या, हा घोडा का? हाव. तेच चित्र दाखवून, हा हत्ती का? हाव. माझ्याच्यानं तिथं बसवलं नाही. पुढं कागद हाती आला, पंच्याहत्तर टक्के. पायऱ्या उतरताना मुन्नानं माझा पदर ओढला.

"पास?"

"हाव रे बाप्पा, पास."

आता तो कागद प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

मुन्नाला घेऊन नगरपालिकेत गेले, तर पेन्शनच्या टेबलावर एक तरुण पोरगा होता. त्यानं कागद उलटापालटा केला. "आजी, हा तर वडील गेल्यानंतरचा आहे. ते असतानाचा काही पुरावा लागेल. त्यांनी आधी कळवलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं." मी पिवळा अर्ज पुढे केला. त्यानं एकेका रकान्यावरून बोट फिरवलं. म्हणाला, "अक्षर सुंदर आहे. पण सही कुठे आहे?"

तरी त्यानं एक नवा अर्ज भरायला दिला, वर पाठवून बघतो म्हणाला, मंजूर होईल असं मात्र धरून चालू नका. पालकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, आणि पुढे वय, चौऱ्याहत्तर. अर्ज तपासताना त्या आकड्यावर त्याचं पेन थांबलं.

"आजी, तुमच्यानंतर याला कोणी आहे का?"

मी तोंड उघडायच्या आधी माझ्या शेजारून उत्तर गेलं.

"हाव."