वसुंधराबाईंचा हिवाळा

सुजयचा फोन रविवारी संध्याकाळी येतो. इथे दिवेलागण झालेली असते, तिकडे कॅनडात सकाळ. त्या रविवारी त्याने आधी मोबाइल खिडकीकडे फिरवला आणि आईला अंगण दाखवलं. गाडी पांढरी, कुंपण पांढरं, नात समृद्धीचा छोटा झोपाळासुद्धा पांढरा.

“बघ आई, यंदा लवकर सुरू झाला बर्फ.” त्याच्या आवाजात कौतुक होतं.

इकडे भिलाईत, सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये पंखा अजून जोरात फिरत होता. दसरा होऊन गेला तरी उकाडा हटला नव्हता. वसुंधराबाईंनी पदराने मान पुसली आणि “छान दिसते रे” म्हणाल्या. तो पांढरा रंग पाहताच आपल्या गुडघ्यांत कळ आली, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग सुजय मुद्द्यावर आला. डिसेंबरात सून ऐश्वर्याची बाळंतपणाची सुट्टी संपत होती, तिला ऑफिसला जावं लागणार होतं. तिचा कौस्तुभ जेमतेम सहा महिन्यांचा. मागच्या हिवाळ्यात समृद्धीला सांभाळायला आई-बाबा आले होते, तसेच यंदाही यावेत. बाळंतपण तर ऐश्वर्याच्या आईने केलं होतं, त्यामुळे कौस्तुभला वसुंधराबाईंनी अजून मांडीवर घेतलेलंही नव्हतं.

“पण आई, बाबांचं ते या वेळी नाही चालणार. लहान बाळ आहे. बाहेर सिगरेट ओढून आले तरी कपड्यांना वास राहतोच. त्यांनी सोडली तर दोघांची तिकिटं काढतो. नाहीतर तू एकटी ये.”

“त्यांना एकटं टाकून कशी येऊ? त्यांना साधा कुकर लावता येत नाही.”

“मग त्यांना सांग ना सोडायला.”

“ते काही सुटत नाही रे त्यांच्याकडून,” वसुंधराबाई म्हणाल्या, आणि उसासा टाकला. सुजयला तो उसासा दुःखाचा वाटला. वसुंधराबाईंना स्वतःला माहीत होतं की तो सुटकेचा आहे. नातवाचं बोळकं तोंड समोर पडद्यावर हसत होतं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

सुजयचे बाबा, शामसुंदर, भंडाऱ्याकडचे. मिसरूड फुटलं तेव्हा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले आणि सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर काढून निवृत्त झाले. तिथे गॅसच्या भागात काडेपेटी नेलेली चालत नसे. ती गेटवर ठेवायची, काम संपवून बाहेर यायचं आणि मगच ओढायची. ही शिस्त अंगात इतकी मुरली की घरातही त्यांनी कधी सिगरेट पेटवली नाही. लग्नानंतर वसुंधराबाई माहेरी कौतुकाने सांगत, “आमच्याकडे सिगरेट पितात, पण घरात नाही हो.” सिगरेट ओढायची तर शामसुंदर चप्पल पायात सरकवत, फाटकाबाहेर गुलमोहराखाली उभे राहत, आणि परत येत. भिलाईत या शिस्तीचा कोणालाच त्रास नव्हता.

कॅनडात मात्र फाटकाबाहेर जायचं म्हणजे सोहळा होता. आधी अंगाला घट्ट बसणारे गरम कपडे, त्यावर स्वेटर, त्यावर गुडघ्यापर्यंतचा कोट. मग मफलर, टोपी, हातमोजे आणि शेवटी ते जड बूट. शामसुंदरांच्या कमरेची चकती नोकरीतच सरकलेली, त्यांना वाकता येत नसे. त्यामुळे दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर वसुंधराबाई बसत, त्यांचा पाय मांडीवर घेत आणि बुटाच्या नाड्या बांधत. ते बाहेर गेले की दाराच्या काचेतून बघत उभ्या राहत, कारण एकदा ते पायरीवर घसरले होते. आत आले की पुन्हा नाड्या सोडायच्या, बुटाखालचा बर्फ वितळून झालेला चिखल पुसायचा, कोट खुंटीला लावायचा. जितक्या सिगरेटी तितक्या वेळा. सुजय आणि ऐश्वर्या सकाळी अंधारात कामावर जात आणि अंधारातच परत येत. त्यांना दिसे ते कोरडं, स्वच्छ दार, गरम पोळ्या आणि जेवून झोपलेली समृद्धी.

जानेवारीतल्या एका सकाळी वसुंधराबाई समृद्धीला आंघोळ घालत होत्या. मुलगी टबमध्ये, त्यांचे हात साबणाचे, आणि दाराजवळून शामसुंदरांची हाक आली, “अवं, येतं का जरा?”

“आज एक दिवस जा ना आपले आपण,” त्या आतूनच म्हणाल्या.

ते गेले. बूट नाड्या न बांधताच घातले. टोपी सापडली नाही. घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेने त्यांचा चेहरा सकाळपासून तापत होता, आणि चेहरा तापला की काय करायचं हे त्यांच्या हातांना माहीत होतं. भिलाईच्या उन्हाळ्यात आणि भट्टीपुढे सगळे करतात तेच त्यांनी केलं. सोबत नेलेला गमछा नळाखाली भिजवला, पिळला आणि डोक्याकानांवरून घट्ट गुंडाळून बाहेर पडले. सिगरेट संपेपर्यंत गमछा पत्र्यासारखा कडक झाला होता. सोडवायला गेले तर तो कानाला चिकटून बसला होता. उजवा कान आधी पांढरा पडला, मग लाल, आणि मग त्याची कड काळी झाली.

डॉक्टरांकडून आल्यावर सुजय चिडला. “एका सिगरेटसाठी, बाबा? कान गेला असता.” शामसुंदर अपराध्यासारखे बसून होते. त्यांनी त्या दिवशी स्वतःचे कपडे स्वतः का घातले, हे कोणी विचारलं नाही. वसुंधराबाईंनीही सांगितलं नाही. फक्त त्यानंतर मार्चपर्यंत त्यांनी एकदाही “आपले आपण जा” म्हटलं नाही. मुलगी टबमध्ये असली तर तिला टॉवेलात गुंडाळून कडेवर घेत आणि तशाच एका हाताने नाड्या बांधत.

आता रविवारच्या फोननंतर त्यांना वाटलं होतं, झालं. ते सोडणार नाहीत, आपण एकटं जाऊ शकत नाही, कोणाचं मन दुखवावं लागणार नाही. पण शामसुंदर त्या वेळी आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते, आणि उजवा कान भट्टीच्या आवाजाने कधीचाच बधिर झाला असला तरी डावा शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेजरामच्या पानठेल्यावर सिगरेट घ्यायला गेले नाहीत. वसुंधराबाईंना वाटलं, पोट बिघडलं असेल. त्यानंतरच्या दिवशीही गेले नाहीत. लवंगांची डबी फ्रिजवरून त्यांच्या खिशात गेली. भाजीत मीठ कमी झालं म्हणून ताट सरकवलं, मग स्वतःच ओढून घेतलं. दुपारी झोप लागेना म्हणून चालत सिव्हिक सेंटरच्या दुकानांपर्यंत गेले आणि काहीच न घेता परत आले. हात सारखे शर्टाच्या खिशाकडे जात आणि रिकामे परत येत.

बाजारात तेजरामने ठेल्यावरूनच वसुंधराबाईंना हाक मारली. “काकी, कका रिसाय हे का? ए डहर आवत नइ हे.”

“रुसून येत नाही असं नाही रे,” त्या म्हणाल्या. “सोडून राहिले म्हणते.”

तेजरामने पानाला कात लावता लावता हात थांबवला. “कका? सिगरेट?” तो हसला नाही. “तब त मोर दुकान के का होही,” एवढंच म्हणाला आणि पुन्हा कात लावू लागला.

वसुंधराबाई भाजीची पिशवी घेऊन घरी आल्या. वाटेत त्या स्वतःला सांगत होत्या की सुटत नाही, दहादा झालं असं, चार दिवसांनी फाटकाबाहेर उभे दिसतील. चार दिवस गेले, आठवडा होत आला, पुढचा रविवारही गेला. त्या रविवारी शामसुंदर फोनवर आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी सुजयचा फोन वाजला तेव्हा त्यांनी तो वसुंधराबाईंच्या हातातून घेतला.

“सुजय, सोडली मी. पक्की. आईले विचार. आता दोघांची तिकिटं काढ.”

“बाबा, सच में?” सुजयने तिकडून ऐश्वर्याला हाक मारली. ती बाळाला कडेवर घेऊन पडद्यात आली, तिचे डोळे भरले होते. “बाबा, किती मोठं काम केलंत तुम्ही,” ती म्हणाली. सुजय म्हणाला, उद्याच तारखा बघतो. सगळे एकाच वेळी बोलत होते. वसुंधराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक होती.

फोन ठेवल्यावर शामसुंदर कौतुकाची वाट पाहत बसले. ते आलं नाही.

“तू काहीच नाही म्हणली.”

“काय म्हणू?”

“नातवाले भेटाचं तुले. तुझ्यासाठीच तं केलं म्या.”

वसुंधराबाई खुर्चीवर बसल्या. कणकेचे हात तसेच मांडीवर उलटे ठेवले. “मले नाही जायचं,” त्या म्हणाल्या.

शामसुंदरांना आधी नीट ऐकू आलं नाही. त्यांनी डावा कान पुढे केला. वसुंधराबाईंनी पुन्हा सांगितलं.

“मंग मले कावून सोडाले लावली?”

“मी कुठं लावली? तुमी आपलेच सोडून बसले.”

“अवं, पंधरा दिवस जीव गेला माझा. एक शब्द सांगाचा होता.”

मग वसुंधराबाईंनी सांगितलं. बूट, नाड्या, चिखल, काचेतून बघत उभं राहणं, सगळं. बोलताना आवाज चढला नाही. शामसुंदर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “तूच येऊन बसत होती स्टुलावर. मी कुठं म्हटलं बस म्हणून?” हे खरं होतं. वसुंधराबाईंनाही ते खरं वाटलं, आणि म्हणूनच फार लागलं.

“आणि आता तं सिगरेटच नाही,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “बाहेर जायचं नाही, तं बूट बी नाही.”

“बूट नाही तं पोर आहे. दोन पोरं. चार वाजता अंधार पडते तिथं. दिवसभर बोलाले कोणी नाही. मार्चात मी तिथून आली तेव्हापासून माझे गुडघे सरळ झाले नाही, तुमाले दिसलं का?” त्या थांबल्या. “मी थकली आहो. नातवासाठी जीव तुटते, तरी थकलीच आहो. तुमच्या सिगरेटीवर ढकलून मोकळी झाली होती मी. आता कशावर ढकलू?”

शामसुंदरांनी खिशातून लवंग काढली, पाहिली, परत ठेवली. मग म्हणाले, “मीच सांगतो सुजयले, की सुटली नाही. पुन्हा धरली म्हणून. माझ्यावर तसंही भरोसा नाही त्याचा.”

वसुंधराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मोह झाला. एवढं सोपं होतं. सुजय बापावर चिडेल, दोन दिवस फोन करणार नाही, आणि मग सगळं पूर्वीसारखं. पण समोर बसलेल्या माणसाचे डोळे न झोपून लाल झाले होते, ओठ लवंगांनी सोलवटले होते. त्याने हे सगळं केल्यावर त्यालाच पुन्हा दोषी ठरवणं त्यांच्याने होईना.

“नको,” त्या म्हणाल्या. “माझं मीच सांगते.”

सकाळी त्यांनी फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं आटोपली होती, ऐश्वर्याने उचलला. वसुंधराबाईंनी रात्री मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. “ऐश्वर्या, मी यंदा नाही येत गं. माझ्याने होत नाही. बाबांचं कारण नाही, माझंच आहे. मागच्या वेळी फार थकली मी. बोलली नाही तेव्हा.”

मग ऐश्वर्या म्हणाली, “ठीक आहे, आई.”

“उन्हाळ्यात येऊ आम्ही. बर्फ नसला की.”

“हो. बघू.” मागे कौस्तुभ रडायला लागला. “ठेवते आई, हा उठला.”

वसुंधराबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. ते “ठीक आहे” कसलं होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. स्वतःच्या सासूला त्यांनी असंच “ठीक आहे” म्हटलं होतं, किती वेळा, आणि त्यानंतर दिवसभर भांडी जोराने आपटली होती. आता तिकडे काय आपटत असेल, सुजय काय म्हणत असेल, बाळाला कोणाकडे ठेवतील, सगळे विचार आले.

“काय म्हणली?” शामसुंदरांनी विचारलं.

“ठीक आहे म्हणली.”

“राग आला?”

“आला असन.”

थोड्या वेळाने शामसुंदर चप्पल घालून फाटकाकडे गेले, तिथेच घुटमळले, आणि मग बाजाराच्या दिशेने गेले की तलावाकडे, हे वसुंधराबाईंनी पाहिलं नाही. ओट्यावर नाश्त्याची भांडी पडली होती, कपडे बादलीत भिजत होते. त्यांनी पंखा एकावर केला आणि पलंगावर आडव्या झाल्या. इतक्या सकाळी त्या कधी आडव्या झाल्या नव्हत्या.

चंदा कामाला आली, तिने दारातून डोकावून विचारलं, काकी, तब्येत बरी नाही का.

“बरी आहे,” वसुंधराबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “पडली आहो.”