उद्याचा सराव, गणपतभाऊंच्या फळ्यावर

चहा आधी खाली ठेवा. मध्येच सांडला तर मी भरून देणार नाही.

हा प्रकार मी इतकी वर्षं कोणाला सांगितला नाही, कारण सांगायची वेळच आली नाही. आमच्या गावात तो सगळ्यांना ठाऊक आहे. गाव रोहण्याजवळचं. नाव विचारू नका, तिथेच माझं सासर आहे.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी तेव्हा पळायचो. या पोटाकडे बघू नका, तेव्हा हे नव्हतं! जिल्ह्याची लांब पल्ल्याची शर्यत त्या वर्षी रोहण्याला ठरली. रोहण्याहून निघायचं, आमच्या गावच्या स्टँडवर ठेवलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत रोहणा. पहिला येईल तो विभागाच्या संघातून नागपूरला. मला नागपूरला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की आईनं शेजाऱ्यांची बॅग आधीच मागून ठेवली होती.

भीती एकाचीच, समुद्रपूरच्या नामदेवची. मी त्याला पाहिलं नव्हतं. पण ज्यानं पाहिलं होतं तो माणूस आधी माझ्या पायांकडे बघायचा आणि मग विषय बदलायचा.

अशात पेपरात वाचलं, की परदेशातले मोठमोठे धावपटू मोठ्या स्पर्धेआधी आपला सराव जगजाहीर करतात. कुठे पळालो, कसा पळालो, सगळं! ते वाचून म्हणे समोरच्यांची छाती दडपते. मला हे एकदम पटलं. आणि माझं जग तर काय, समुद्रपूरला संपत होतं.

स्टँडवर गणपतभाऊंचं हॉटेल होतं. दाराशी फळा. त्यावर वर कापसाचा भाव आणि खाली आलूबोंडा. वर्ध्याकडे जाणारी एस्टी तिथे चहाला थांबायची. म्हणजे इथे लिहिलेलं जिल्हाभर जाणार. मी कापूस आणि आलूबोंडा यांच्यामध्ये जागा मागितली.

"लिही न बावा," गणपतभाऊ म्हणाले. "पन आलूबोंडा पुसू नोको."

चूक इथेच झाली. पेपरातले लोक पळून झाल्यावर लिहायचे. मी आदल्या संध्याकाळीच लिहायला लागलो. 'पळालो' म्हटलं तर गाव पुरावा मागणार, 'पळणार' म्हटलं की ज्याला शंका असेल त्यानं उठून बघावं! तेव्हा मी ठळक अक्षरात लिहिलं: 'उद्या पहाटे. गाव ते संत्र्याचा बगीचा. तिथून रोहणा. लगेच परत.'

आता हे तुम्हाला कशासारखं वाटतं? मला त्या वेळी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो, तर स्टँडवर शेवंताकाकू डबा घेऊन उभी. आमच्या शेजारची, घर स्टँडला लागूनच. तिची लेक रोहण्याला दिलेली.

"रोहण्याले जाऊन राह्यला न रे दिगांबर? गणपतनं वाचून दाखोलं मले. एवढा डब्बा माह्या लेकीले देऊन देजो."

"काकू, मी सरावाला चाललोय."

"हाव न. मी कुठी थांब म्हंतो? पयत पयतच दे."

दिला. वाटलं, जाताना ओझं, येताना तरी मोकळा. पण काकूच्या लेकीनं डबा ठेवून घेतला, आत गेली आणि भरून आणला. आपल्याकडे रिकामा डबा परत करतात का? तिनं लाडू घातले. दुसऱ्या दिवशी काकूनं लाडवांच्या बदल्यात लोणचं घातलं. त्या दोघींच्या मध्ये मी.

फळा सगळेच वाचत होते. आठवड्याभरात बगीच्यातल्या राखणदाराची भाकरी माझ्याकडे आली, मग कोणाचं औषध, मग कोणाची शिवून आणायची चोळी. एकदा कोंबडीसुद्धा नेली. ती वाटभर ओरडत होती आणि लोक बाजूला होत होते, तेवढा दिवस सराव बरा झाला. प्रत्येक दारात चहा. नाही म्हटलं, की "काऊन, आमच्या घरचा चालत नाई का?" असं विचारायचे. मग प्यायचो.

मी चिडून गणपतभाऊंना विचारलं, "अहो, हा सराव आहे, लोकांना कळत नाही का?"

"कयते न," ते म्हणाले. "म्हनून त एस्टीपरीस तुह्यावर भरोसा जास्त आहे."

सांगायला लाज वाटते, पण मला ते ऐकून बरं वाटलं.

शर्यतीचा दिवस उजाडला. रोहण्याला रेघेवर उभा होतो. छातीवर कापडी नंबर. शेजारी एक उंच, सडपातळ पोरगा आला. अदबीनं नमस्कार केला.

"तुमीच दिगांबरभाऊ न? मी नामदेव. समुद्रपूरचा."

माझी छाती फुगली. म्हणजे फळा पोचला होता!

"तुमचं लय आयकलं," तो म्हणाला. "शेवंतामावशी माही सख्खी मावशी. काल तिच्या लेकीकडे, ताईकडेच मुक्काम होता. ताईनं हा डब्बा देल्ला मावशीसाठी. तुमी रोजच नेता म्हने." त्यानं डबा माझ्या हातात ठेवला. "मी नेला असता, पन मी शर्यतीत आहो."

मी तोंड उघडलं आणि शिट्टी झाली.

छातीवरचा नंबर त्याला दिसला नसेल का? दिसला असेल. नंबर एस्टीलाही असतोच.

पण ऐका, मी पुढे होतो! डब्यासकट पुढे होतो. रागानं असा पळालो, की गावच्या स्टँडवर पोचलो तेव्हा मागे कोणी दिसत नव्हतं. सगळं गाव ओरडत होतं. काकू पिंपाशीच उभी. मी डबा तिच्या हातात कोंबला आणि वळलो.

"थांब!" तिनं दंड धरला. "रिकाम्या हातानं जाशीन का? माह्या लेकीचा डब्बा कधी रिकामा गेला नाई."

"काकू, शर्यत आहे!"

"हाव, मंग मी काय वेळ लावून राह्यली? आली मी."

ती घरात गेली. मी पळालो का नाही, असं तुम्ही विचाराल. पाय हलेनात. रोज त्या दारात थांबायचा सराव झाला होता. सराव वाया जात नाही.

तेवढ्यात नामदेव आला. काकू डबा घेऊन बाहेर येत होती. तिचा चेहरा उजळला.

"अरे नामदेवा! पानी त पी!"

"नाई मावशी, शर्यत आहे."

"बरं बरं, जा बापा, जा! शर्यतीत थांबू नोको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दिगांबर, तू थांब. झाकन नीट बसलं नाई."

मी रोहण्याला शेवटचा पोचलो. डबा गरम होता. नामदेव नागपूरला गेला. त्या रात्री मी खरंच रडलो, आणि आईनं बॅग परत केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फळ्यावरचं माझं सगळं पुसलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'सराव कायमचा बंद.' खाली सही केली. वळलो तर शेवंताकाकू, हातात डबा. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं हो?" तिनं गणपतभाऊंना विचारलं.

गणपतभाऊंनी फळा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि तिला समजावलं.

"आज गाडी नाई म्हंते, काकू."