भुंगेऱ्यावरचा पाहुणा

किस्सं कुणी पेरत न्हाई. पाहुणा राहून गेला, की मागं आपसूक उगवत्यात. आमच्या वडगाव रासाईच्या घरी वैशाली मॅडम राहिल्या, तवा तर पीकच आलं!

पुण्याच्या कॉलेजातली पोर. नदीकाठच्या चिखलातलं भुंगेरं गोळा करायची. आमच्या मालकांनी, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, इचारलं, "औषध काढताय व्हय?"

"नाही आबा. भुंगेऱ्याच्या अंगावर बुरशी उगवते, तिच्यावर पीएचडी करतेय."

"आमच्या ज्वारीवर लई हाय. पोतंभर घिऊन जा!"

*

मॅडमनी मला ती बुरशी मायक्रोस्कोपात दाखवली. उवांच्या लिखंपेक्षा बारीक! खाली काळा पाय कवचात रुतल्याला, वर पिवळं मडकं, मडक्यात बी, बाजूला झिपऱ्या.

"आगं बया, ही तर घडा घिऊन हुबी! भुंगेरा मरत न्हाई?"

"नाही आजी. तो जगला तरच ती जगते."

मी कितीतरी वेळ बोललेच न्हाई. आबा म्हणाले, "मॅडम, हे यंत्र हितंच ठिवून जा!"

*

बुरशीची एक जात भुंगेऱ्याच्या मागच्या पायावरच, दुसरी पंखाच्या कडेलाच. जागा, मडकं, झिपऱ्या बघून मॅडम कूळ लावायच्या.

आबा म्हणाले, "पारावर बी तसंच. कोण कुठं बसलाय बघायचं, भावकी कळती!"

*

एकदा मी इचारलं, ही एकाची दुसऱ्याला लागती कशी?

मॅडम लाजल्या. "जोडी जमली की नराची मादीला लागते."

"म्हंजी उष्टी हळदच की!"

*

मग एका भुंगेऱ्यावर साऱ्यांपेक्षा येगळं मडकं घावलं. मॅडम जेवायचं इसरल्या. नवीन जात असंल तर नाव त्या ठिवणार! भुंगेरा ताटलीत ठिवून त्या एसटीडीवर सरांना फोन करायला गेल्या.

माझी सून हिरा. पाहुण्याची वस्तू मळकी ठिवायची न्हाई, ही आमच्या घरची रीत. तिनं जुना ब्रश घेतला आन् भुंगेरा घासून लख्ख केला.

मॅडम आल्या, मायक्रोस्कोपात बघितलं, मग हिराच्या हातातल्या ब्रशाकडं बघितलं.

"वहिनी, तो मळ नव्हता. पाहुणा तोच होता."

*

सरांनी सांगितल्यालं, आख्खा नमुना दाखवल्याबिगर नाव न्हाई. धरणाचं पाणी सुटलं की काठ बुडणार. हिरा रोज चुलीवरनं उठून मॅडमसंगं चिखलात. दगूड उचलायचा, भुंगेरा धरायचा. एकावर बी ते मडकं न्हाई. आबा म्हणाले, "सूनबाई, घरात या आता, पाणी सुटतंय."

"न्हाई, मामंजी."

पाणी घोट्याला लागलं तवा हिरानं बाभळीच्या बुडचा दगूड उलथला. मूठ मिटून पळत घरी आली.

मॅडमनी मायक्रोस्कोपात बघितलं. मग बाजूला सरकल्या. "वहिनी, आधी तुम्ही."

हिरानं डोळा लावला. तेच येगळं मडकं, आख्खं! मग सरळ झाली, हात पुसलं, पदर डोईवर घेतला आन् पुन्हा वाकली.