बिरूच्या गोलाचे पेढे

सकाळपासून लिहायचं टाळायलोय. मधी पंक्चरच्या दुकानात बसलो, तिथंच दोन चहा झाले.

माझा चुलतभाऊ बिरू कोलकात्याच्या फुटबॉल टीममध्ये डिफेंडर हाय, म्हणजे गोल अडवणारा. त्याचा बाप, म्हणजे माझे काका, ताडकळसचे. आई नेपाळची. गावानं त्याला कायम 'नेपाळी'च म्हणलं.

परवा टीव्हीवर गोल मारणाऱ्यात त्याचं नाव आलं. आज काका बाजारात पेढे वाटायलेत अन् लोक म्हणायलेत, "आपला बिरू!"

तो गोल त्यानं चुकून स्वतःच्याच जाळीत मारला. टीम हरली. मॅच मोबाइलवर मी एकट्यानंच बघितली, म्हणून गावात हे मला एकट्यालाच माहीत.

"तोंड का पाडलं रं? खा की!" काका म्हणाले. मी खाल्ला.

तुमी सांगितलं असतं का? लवकर बोला, समोरच्या एसटीतून बिरू उतरलाय, अन् काका पेढा घेऊन त्याच्याकडं पळायलेत.