चढणारी रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीटसं कळत नाही.

माझं काम कारखान्यांच्या धुराचं. म्हणजे धुराला हात लावायचा नाही, सगळं कॉम्प्युटरवर बघायचं. धूर कोळशाच्या थरातून सोडला की त्यातला विषारी गॅस कोळशाच्या बारीक छिद्रांना चिकटून राहतो. किती दिवस राहील, हे मी गणितानं काढतो. पडद्यावर एक रेघ सपाट धावते — गॅस बाहेर पडत नाही. मग ती छिद्रं गच्च होतात, म्हणजे कोळसा भरतो, आणि तीच रेघ सरळ वर चढते. तेव्हा कोळसा बदलायचा. नाही बदलला तर? तर तो असून नसल्यासारखाच.

केनवडजवळ जुन्या टायरांपासून तेल काढणारा कारखाना यायचा होता. त्याच्या धुराचं काम माझ्याकडे आलं. तिथे माझी आत्या राहते. कारखान्याच्या कुंपणाला लागूनच तिचा भाजीचा मळा. माझ्या गणितात कोळसा फार लवकर भरत होता. मालक म्हणाला, सारखा बदलणं जमायचं नाही, गावाला उगाच घाबरवू नका. घाबरलो मीच — पहिलं मोठं काम हातचं जाईल म्हणून. आकडा एकही बदलला नाही हो मी. फक्त रेघ जिथे चढू लागते, त्याच्या जरा आधी आलेख कापला. यात खोटं काय, असं तेव्हा स्वतःला विचारायचो. आता विचारत नाही.

ग्रामसभेत ती सपाट रेघ दाखवली. लोक कुरकुरले. तेव्हा आत्या उठली. तिच्या शब्दाला गावात वजन.

"माह्या भाच्यानं पाह्यलं हाय," ती म्हणाली. "तो आपल्याच मानसायले खोटं कायले सांगीन?"

विरोध तिथेच संपला.

कोळसा पुढे कधी बदललाच नाही. मला ते ठाऊक होतं. सडक्या अंड्यांसारखा वास मळ्यावर उतरू लागला. आत्याचं डोकं दुखायचं, मग धाप लागायला लागली. शेजारणी तक्रार द्यायला निघाल्या, तर तिनंच त्यांना परत फिरवलं — भाचा म्हणतो ना, काही नाही म्हणून! स्वतःच्या नाकापेक्षा तिचा माझ्यावर विश्वास. लाज वाटते, असं म्हणून तरी काय होतं?

परवा भेटायला गेलो. मळा पडीक आहे. आत्या ओट्यावर भिंतीला टेकून, नाकाला पदर लावून बसली होती. वारा फिरला, आणि माझा हात आपसूक रुमाल घेऊन नाकाकडे गेला. तिनं ते पाहिलं.

"तुले बी येऊन राह्यला का रे वास?"

किती आशेनं विचारलं तिनं! आपल्याला वेड लागलेलं नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं.

मी रुमालानं घाम पुसल्यासारखं केलं. म्हणालो, "नाही, आत्या."

"मंग मलेच भास होते," ती म्हणाली, आणि तिनं नाकावरचा पदर काढला.