भाषा काही ठरेना

"पक्कं झालं भाऊ. आता बदल नाई."

दुकानाच्या पायरीवर एक चप्पल काढायची, दुसरी पायातच ठेवायची आणि तशाच अवस्थेत हे वाक्य बोलायचं, ही आमच्या प्रोग्रामवाल्यांची रीत. बसा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसाले नाई आलो, सांगाले आलो." सांगून झालं की चप्पल पुन्हा पायात आणि स्वारी मेहकरच्या जीपकडे.

व्यापाऱ्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिणं हा त्यांचा धंदा. कोणता माल कोणत्या कप्प्यात, किती उरला, बिल कसं निघेल, सगळं त्यात. डोणगावात माझं फवारणी पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. त्यासाठीचा प्रोग्राम लिहिण्याआधी ते अख्खा हंगाम आमच्या काउंटरला टेकून उभे होते. गिऱ्हाईक काय मागतं, ते ऐकत. कंपनी एखाद्या भागाला काहीही नाव देवो, आमच्याकडे तो 'बेडूक', 'टोपी' नाहीतर 'कानवाला वायसर' म्हणूनच मागितला जातो. त्यांनी तीच नावं प्रोग्राममध्ये घातली. बेडूक लिहिला की बेडकाचं सगळं बिऱ्हाड काळ्या पडद्यावर हजर.

तो प्रोग्राम फॉक्सप्रो नावाच्या भाषेत होता. पुढे ती भाषा बनवणाऱ्या कंपनीनं ती बंदच करून टाकली. "ज्या भाषेत जवान झालो, तिचीच तेरवी जेवलो भाऊ," ते म्हणाले. तेव्हापासून नवी भाषा निवडायची आणि सगळं तिच्यात नव्यानं लिहायचं, हा एकच ध्यास.

पण भाषा ठरेना! आधी व्हिज्युअल बेसिक पक्की झाली. मग जावा. मग पीएचपी. निम्मं लिहून होई, तेवढ्यात कुठेतरी वाचत की हिचेही दिवस भरत आले, आणि पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा. सल्ला ते कुणालाही विचारत. दवाखान्यात गेले तर डॉक्टरला, दाढीला बसले तर न्हाव्याला. मलाही विचारलं. मला मोबाइलचं घड्याळ लावता येत नाही, पण मत देण्यात आमचं घराणं कधी मागे नव्हतं. मी ठासून सांगितलं, "पायथन घ्या. नावात वजन हाये."

बायको आतून म्हणाली, "भाषा पाहून राह्यले का पोरगी?"

"वयनी, पोरगी पसंत केली की निभून जाते. भाषा पाच-सात वर्सात म्हातारी होते."

"मंग बायको काऊन नाई बदलली?"

"मी कायची बदलतो? तिनंच मले बदललं!"

हसले, पण एक पाय सारखा हलत होता.

तोवर त्यांची एकेक गिऱ्हाइकं तयार प्रोग्राम घेऊन मोकळी झाली होती. उरलो मी. माझा कॉम्प्युटरही थापट मारल्याशिवाय उठत नसे. तो कायमचा झोपण्याआधी नवं लिहून झालं पाहिजे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. एकदा चहा ढवळता ढवळता ते हळूच म्हणाले, "तुमचं दुकान सुटलं त माह्यं लिहिलेलं कुठंच चालनार नाई." आणि लगेच पावसापाण्याचं बोलू लागले.

कॉम्प्युटर झोपला तो नेमका ऐन फवारणीत. काउंटरवर ही गर्दी. फोन केला तसे ते धावत आले, खिशातून पेनड्राइव्ह काढला, शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरला लावला. एका भाषेत बिल निघत होतं, पण मालाचा पत्ता नव्हता. दुसरीत माल होता, बिल नव्हतं. तिसरीत नुसतं सुंदर 'नमस्कार' येत होतं, आणि पुढे काहीच नाही.

"आठ दिवस देता का भाऊ?"

मी गर्दीकडे पाहिलं. म्हणालो, "साळा अकोल्याहून तयार प्रोग्राम धाडतो म्हन्ते."

"हाव," ते म्हणाले. "बराबर हाये. हंगाम थांबत नाई."

दुसऱ्या दिवशी अकोल्याचा माणूस नवा कॉम्प्युटर आणि प्रोग्राम लावून गेला. बेडूक लिहिला, पडदा कोरा. सगळी नावं कंपनीची. मी डोकं धरून बसलो असताना ते आले, न बोलावता. दोन्ही चपला काढल्या. "सरका," म्हणाले आणि माझ्या खुर्चीत बसले. एकेका भागापुढे आमचं नाव लिहू लागले, दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये. बायकोनं ठेवलेल्या चहावर साय धरली. दिवेलागणीला उठले.

ते पायरी उतरत असताना मी सहज विचारलं, "हे कोनत्या भाषेत लिहेल हाये हो?"

"इचारलं नाई."

"तुमी? अन् इचारलं नाई?"

"इचारलं असतं त घरी जाऊन आपलं पुन्हा सुरू केलं असतं," ते म्हणाले आणि जीपकडे निघाले.

त्यानंतर ते आले नाहीत. नाशिकला मुलीकडे राहायला गेले, असं कळलं.

दुकान झक्क चाललंय. बायको मात्र मधेच विचारते, "त्याइची भाषा ठरली असन का हो?" मी म्हणतो, "फोन करून इचार ना." ती करत नाही, मीही करत नाही. विचारलं तर ते पुन्हा सुरू करतील, ही भीती. आणि नाहीच सुरू केलं, तर? ही त्याहून मोठी.