कोपरानं पाहिलेलं पाणी

ही गोष्ट माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नाही. नवरा जिवंत असता तर त्यालाही सांगितली नसती. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि सांगायला बसले तीसुद्धा राग आला म्हणून. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मला वापरता येत नाहीत, मी चौथी शिकलेली बाई आहे.

राग कशाचा? गेल्या महिला दिनाला आमच्या चांदे गावात मांडव घातला होता. माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. कशासाठी, तर मी चाळीस वर्षं गावातल्या बाळंतिणींना आणि त्यांच्या बाळांना न्हाऊ घातलं. एक बाई माइकवर म्हणाली, या हातांनी कधी कुठल्या जिवाला इजा केली नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती माझी सून, मनीषा. वाटलं, शाल काढावी आणि त्या माइकवर फेकावी. फेकली का? नाही. घरी आणली, घडी घालून ट्रंकेत ठेवली. अशी आहे मी.

आता मासे. हसू नका.

आमच्या वरच्या खोल्या हिंजवडीला कामाला जाणाऱ्या पोरापोरींना भाड्यानं दिलेल्या आहेत. त्यातला एक जण बंगलोरला बदलून गेला आणि जाताना एक काचेची पेटी, आतल्या माशांसकट, मनीषाला देऊन गेला. आठ दिवसांत मांजर खाईल, असं मी म्हटलं होतं. पण त्या माशांना पिल्लं झाली. पिल्लांना पिल्लं झाली. दोन वर्षांत मागच्या पडवीत चार पेट्या उभ्या राहिल्या. लाल, काळे, शेपटीचा पंखा करणारे — बोटाएवढे जीव. मनीषा भाकऱ्या थापून झाल्या की तिकडं पळायची.

माझा मुलगा संतोष तिला चिडवायचा. ‘‘मासं पाळून कुनाचं भलं झालंय? कोंबड्या पाळ, अंडी तरी खाऊ.’’

‘‘अंडी तुमी घाला,’’ ती म्हणायची, ‘‘माझं मासं हितंच ऱ्हातील.’’

मग पिरंगुटला शोभेच्या माशांचं दुकान असलेले इब्राहिमभाई एकदा येऊन बघून गेले. पेट्यांसमोर उकिडवे बसले आणि एकेक पेटी न्याहाळली. मग म्हणाले, ‘‘वैनी, लांबनं येनारं निम्मं मासं माज्या दुकानात पोचायच्या आत मरत्यात. तुमचं लई दमदार हायेत. ह्यो सोमवार सोडून पुढच्या सोमवारी पहिली खेप नेतो, मग दर आठवड्याला.’’ त्या दिवशी मनीषाच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. तोवर ती माझी सून होती, संतोषची बायको होती. आता कुणीतरी तिच्या हातची वस्तू न्यायला येणार होतं. एवढंच. पण मला ते खुपलं — का खुपलं ते पुढं सांगते.

सोमवारला दहा दिवस होते आणि माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. कुणी मिठाचे खडे शिंपडावेत तसे. मासे दगडाला अंग घासायला लागले. मनीषानं सगळे मोठ्या पेटीत एकत्र केले आणि उपचार सुरू केला. उपचार काय? ऊब. काचेच्या नळीचा हीटर पाण्यात असतो, त्याच्या डोक्यावर फिरवायचं बटण असतं. ते ती केसभर फिरवायची. चार-पाच तासांत पाणी एक अंश चढवायची, आणि काचेला चिकटवलेल्या तापमापीवर वाचून शेजारच्या भिंतीवर पेन्सिलनं खूण करायची. तीस अंशांवर नेऊन पाणी तिथंच धरून ठेवलं. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप वाढवला, कारण ऊन पाण्यात हवा कमी राहते.

तिनं मलाही समजावलं होतं. ‘‘आत्या, ह्यो किडा हाय. माशाच्या कातड्यात बसतोय, पिकला की तळाला पडतोय, आन् तितं त्याची पिल्लं निघत्यात. ती परत मासा शोधत्यात. गार पान्यात ह्याला लई दिस लागत्यात. उबंत भराभरा गळतोय, आन् तीसवर पिल्लांचं काय चालत न्हाई. पन चढवायचं दमानं. एकदम चढवलं तर किड्याच्या आधी मासा जायचा.’’

सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे. तिच्या तोंडी तो शब्द कायम मऊ असतो. मला ऐकायला मात्र काय आलं? की ही पोरगी मला ऊब शिकवते आहे. मला! एका दिवसाच्या पोराला अंघोळ घालताना पाण्यात कोपर बुडवून बघायची, इकडं तिकडं नाही, नेमकं पाणी — ही माझी विद्या. चाळीस वर्षांत एकाही बाळाची कातडी लाल झाली नाही. आणि हल्ली मला बोलावतं कोण? दवाखान्यातून सांगून पाठवतात, चोळू नका, कढत पाणी घालू नका. माझे हात रिकामे, आणि ही फोनमध्ये बघून शिकलेली बाई भिंतीवर अंश लिहिते. जळत होते मी तिच्यावर. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगते.

ठिपके गळायला लागले. पाचव्या दिवशी निम्मे मासे स्वच्छ झाले होते. त्या सकाळी कासारसाईहून निरोप आला, मनीषाची आई मोरीत घसरून पडली. संतोष कामावर गेलेला. जाता जाता तिनं बटण पाहिलं, तापमापी पाहिली, भिंतीवर तीसची खूण केली, आणि चपला घालता घालता मला म्हणाली, ‘‘आत्या, लाइट गेली तर कायबी करू नका. पेटीला गोधडी गुंडाळा आन् गप बसा. गरम पानी घालू नका बरं का.’’

गप बसा. ती काळजीनं बोलली होती, मला ते माहीत होतं. तरी मी तो शब्द चघळत बसले.

अकराच्या सुमाराला लाइट गेली. पंप थांबला. तासाभरानं मी पाण्याला हात लावला — मला गार लागलं. म्हटलं, गोधडी? गोधडीनं पाणी तापतं का? बंब पेटवला. पाणी उकळलं. पेटीतलं थोडं थोडं उपसलं आणि ऊन पाणी ओतत गेले. मध्येमध्ये कोपर बुडवून पाहिलं. नेमकं झालं. बाळाला घालतो तसं. तीसबीस काही मी वाचलं नाही, तापमापीकडं बघायची मला लाज वाटली असती.

मासे सगळे वर आले. तोंडं उघडून, पाण्याच्या कडेला लागून. तुम्हाला ठाऊक आहे, मला काय वाटलं? मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय. अंघोळीनंतर पोर जांभई देतं ना, तसं. मी तिथं उभी राहून हसले. मनात म्हटलं, ये म्हणावं आता, आणि बघ.

मग एक आडवा झाला. मग तीन. मग मी मोजायचं सोडून दिलं. काळे जरा जास्त वेळ टिकले.

इथपर्यंत चूक म्हणा. अडाणीपणा म्हणा, हट्ट म्हणा. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पुढचं ऐका.

मी निखारे विझवले. बंब पुसून जागेवर ठेवला. मेलेल्या माशांच्या त्या पेटीला गोधडी गुंडाळली — तिनं सांगितली होती तशी, चारी बाजूंनी, नीट. चार वाजता लाइट आली आणि पंप सुरू झाला, मेलेल्या पाण्यात बुडबुडे यायला लागले. तेव्हा मी हीटरचं बटण धरलं आणि शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं. शॉक बसेल म्हणून आधी ओला हात पदराला पुसला. तुम्ही म्हणाल, म्हातारी घाबरली असेल. घाबरलेलं माणूस हात पुसतं का?

मनीषा सहाला आली. गोधडी काढली. आधी मासे पाहिले, मग तापमापी पाहिली, मग बटण.

‘‘लाइट गेलती का, आत्या?’’

‘‘गेलती. तू सांगितलं तसं केलं. गोधडी लावली.’’

तिनं बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘‘घाईत माज्याच हातनं फिरलं वाटतं. उलटं फिरलं.’’ आणि वर मलाच म्हणाली, ‘‘तुमी तरी काय करनार. तुमी बरोबर केलं.’’

मला आजही तिचाच संताप येतो. का ठेवलास विश्वास? भिंतीवर तीसची खूण तुझ्या हातची होती. बटण बघितल्याशिवाय तू खूण करत नव्हतीस. चार दिवस केसभर बटण फिरवणारी बाई एका दमात टोकाला नेईल का? एवढं तुला कळायला नको? पण तिनं भिंतीकडं पाहिलंच नाही. सासू खोटं बोलेल हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. आणि ज्या गोष्टीबद्दल मी तिचे पाय धरायला पाहिजेत, त्याचा मला राग येतो. आहे की नाही कमाल? दिवाळीच्या आधी ती भिंत रंगवायला मीच लावली. स्वच्छ दिसावी म्हणून, असं सांगितलं.

संतोष रात्री जेवताना म्हणाला, ‘‘मग सोमवारची खेप कालवनात घालायची का?’’ मी हसले नाही. पण त्याला गप्पही केलं नाही. मनीषानं ताटातला घास तसाच ठेवला आणि उठून गेली.

सोमवारी इब्राहिमभाई आले. रिकामी पेटी बघून तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, ‘‘वैनी, आमच्याकडनंबी मरत्यात. दोन जोड्या मी देतो, परत चालू करा.’’

‘‘न्हाई भाई,’’ मनीषा म्हणाली, ‘‘माज्या हाताला अंदाज न्हाई.’’

मी त्यांना चहा नेऊन दिला. साखर विचारली. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर पुढची सहा वर्षं ते मिटलेलं राहिलं नसतं. साखर विचारायला उघडलं तेवढंच.

चारी पेट्या भंगारवाल्यानं नेल्या. आता ती पिरंगुटला एका कंपनीत पॅकिंगला जाते, सकाळच्या बसनं. दिवसभर उभं राहायचं, खोक्यांना पट्ट्या लावायच्या. सगळे म्हणतात, बरं झालं, कायमचं काम लागलं. मीही म्हणते. चारचौघांत म्हणते.

आणि हे सगळं जुनं झालं, असं समजू नका. गेल्या आठवड्यात वरच्या खोलीत राहणारी नवी मुलगी काचेचा वाडगा घेऊन खाली आली. आत एकच निळा मासा. मनीषा नुकती कामावरून आली होती, बॅगही खांद्यावरच होती. मुलगी म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही पूर्वी मासे पाळायचात ना? याच्या अंगावर बघा ना काय आलंय.’’

मनीषानं वाडगा उजेडाला धरला. तिला क्षणात कळलं, तिच्या डोळ्यांत मला दिसलं. बोट काचेवर टेकवून ती बोलायला लागली, ‘‘ह्याला दमानं ऊब—’’ आणि थांबली. वाडगा परत दिला.

‘‘मला नका इचारू, बाई. मी माझं सगळं उकडून मारल्यात. दुसऱ्या कुनाला इचारा.’’

मी पायरीवर मेथी निवडत बसले होते. दोघींपासून चार हातांवर. मुलीनं माझ्याकडंही पाहिलं, म्हातारीला काही माहीत असेल म्हणून. मी मान खाली घातली आणि पुढची काडी उचलली.

मुलगी वाडगा सांभाळत जिना चढून गेली. मनीषा थोडा वेळ त्या जिन्याकडं बघत उभी राहिली, मग हात धुवायला आत गेली. मी पानं एका बाजूला टाकत राहिले, काड्या दुसऱ्या बाजूला.